उंच जीप आणि तिचा दुखरा सांधा

परळीहून बीडच्या रस्त्याला लागले की वाटेत आमचे सिरसाळा गाव येते. सभोवार काळी जमीन. पाऊस पडला की ही माती चाकाला अशी बिलगते की बैलगाडीवाल्याने बैल सोडून द्यावेत आणि मोटारवाल्याने देवाचे नाव घ्यावे! अशा मुलखात चारही चाकांना जोर देणारी जीपगाडी लोकांच्या मनात भरली, यात नवल नाही. आणि ती आणखी चार बोटे उंच असती तर बरे, असे पुष्कळांना वाटले, यातही नवल नाही. मात्र ही उंची कोणाच्या जिवावर मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मराठी शिकवणाऱ्या माणसाने लोखंडात नाक का खुपसावे, असे वाचक विचारतील. माझा मूळ मोह शब्दांचा. आमच्याकडचे मिस्त्री गाडीखालच्या पोलादी पट्ट्यांना ‘पाटे’ म्हणतात आणि फिरत्या दांड्याच्या सांध्यातील चौफुलीला ‘क्रॉस’. एकदा गॅरेजात एक वाक्य कानी पडले : “सर, गाडी उचललीय ना, आता ती क्रॉस खायलीय.” गाडी पेट्रोल खाते, तेल खाते, मालकाचे डोके खाते, हे ठाऊक होते; पण क्रॉस कसा खाते? त्या क्रियापदाचा अर्थ शोधता शोधता मी गाडीखाली वाकलो.

जीप ही मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनी ती लाखांनी बनवली. आपल्याकडे १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली. १९४८ साली तिचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. दरम्यान १९४७ सालापासून विलीज जीपचे भाग मुंबईत जोडून गाड्या उभ्या राहू लागल्या. पुढे ह्याच घराण्यातल्या गाड्या सरकारी साहेबांपासून ते ‘चला, आणखी एक जण बसतो’ म्हणणाऱ्या वडाप जीपवाल्यापर्यंत सर्वांच्या दाराशी आल्या.

आता तिच्या पोटाखाली पाहू. इंजिन पुढे, ताकद हवी मागच्या चाकांना. ती पोचवणारा पोलादी दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. इंजिन चौकटीला बसवलेले असते, तर मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर खालीवर नाचत असतो. तेव्हा दांड्याला दोन्ही टोकांशी मनगटासारखा वळणारा सांधा लागतो. दोन काटे एकमेकांकडे तोंड करून धरावेत आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा तुकडा बसवावा, तसा हा सांधा. तो तुकडा म्हणजेच क्रॉस. त्याच्या चारही टोकांवर लहान वाट्या असतात व त्यांत सुईसारखे बारीक रोलर ग्रीसमध्ये फिरत असतात. इटलीचा कार्डानो आणि इंग्लंडचा रॉबर्ट हुक यांची नावे ह्या सांध्याला चिकटलेली आहेत, इतका तो जुना आहे.

ह्या सांध्यात एक खोड आहे. दांडा वाकड्या कोनात फिरू लागला की सांध्यापलीकडचा भाग एकसारख्या गतीने फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना दीड टक्क्याच्या आसपास राहतो. २० अंशांवर तो सहा टक्क्यांवर जातो. ३० अंशांवर वेग कधी पंधरा टक्क्यांनी वाढतो, तर कधी तेरा टक्क्यांनी घटतो. थोडक्यात, कोन दुप्पट झाला की हिसका जवळजवळ चौपट!

ह्यावर तोडही जुनीच आहे. दांड्याच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवायचे आणि दोन्ही काटे एका रेषेत बसवायचे. मग पहिल्या सांध्याने केलेली चूक दुसरा सांधा भरून काढतो. मूळ गाडी घडवणाऱ्याने हा हिशेब मांडलेला असतो.

तो मोडतो गाडी उचलताना. कोणी जादा पाटा घालतो, कोणी पाट्यांच्या टोकाची शॅकल लांब करतो. चौकट वर गेली, अ‍ॅक्सल खाली राहिला, की दांडा अधिक तिरपा होतो. त्यात जीपची लांबी आखूड. जुन्या विलीजच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच. त्यामुळे दांडाही तोकडा. समजा, दांडा २० इंचांचा आहे आणि गाडी ३ इंच वर गेली, तर कोन साडेआठ अंशांनी वाढतो. तोच दांडा ६० इंचांचा असता तर तीन अंशही वाढला नसता. म्हणजे लांब ट्रकला जे पचते, ते आखूड जीपला पचेलच असे नाही. शिवाय लांब शॅकलने अ‍ॅक्सलचे तोंडही फिरते, आणि दोन टोकांचे कोन सारखे राहत नाहीत. पुढे ग्रीस आटते, सुया चिरडतात, वाटीभोवती तांबूस भुकटी दिसू लागते. मिस्त्रींचे ‘खाणे’ ते हेच.

एक क्रॉस गेला तर काय बिघडले, असे मलाही कोणी विचारतो. त्याला मी आमच्या एका पाहुण्यांच्या लग्नाच्या जीपची गोष्ट सांगतो. जुन्या घडणीची गाडी, हौसेने उचललेली, आत बायकामुलांसह नऊ माणसे. धारूरच्या घाटात चढावर मागून ‘टक्’ असा आवाज झाला आणि शाफ्ट निखळला. गाडी मागे सरू लागली. चालकाने हातब्रेक ओढला. काही उपयोग झाला नाही. कारण त्या घडणीत हातब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरच्या मागे, शाफ्टाच्या तोंडाशी असतो. शाफ्ट तुटला की हातब्रेक नुसता हवेत ओढला जातो, आणि गिअरमध्ये टाकलेले इंजिनही गाडीला धरून ठेवत नाही. चालकाने पायाचा ब्रेक दाबून धरला, मागच्या दोघांनी उड्या मारून चाकांखाली दगड लावले, म्हणून लग्न लागले! शाफ्टाचे पुढचे टोक सुटून खाली पडले असते, तर ते रस्त्यात रुतून गाडी उलटण्याचीही भीती होती.

आजच्या गाड्यांचे काय? २०१० साली आलेल्या थारच्या काही प्रकारांत आणि तिच्या २०२० सालच्या नव्या आवृत्तीत पुढची चाके स्वतंत्र लटकवलेली आहेत. त्यांच्या छोट्या शाफ्टांना समगतीचे सांधे असतात. तेथे हिसका नसतो. पण कोनाची मर्यादा त्यांनाही आहे. उंची फार वाढवली की त्यांच्यावरचे रबरी बूट घासून फाटतात, आत चिखल शिरतो आणि सांधा संपतो. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलाची शर्यत सुरू झाली. तिथे गाड्या उचललेल्या असतात खऱ्या, पण त्यांच्या मागे मिस्त्री, सुटे भाग आणि रोजची तपासणी असते. ती चित्रे पाहून आपल्या तरुणाने बाजारातून नुसती उंची विकत आणली, तर अर्धाच माल घरी आला म्हणायचा.

कायद्याचाही विचार करावा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरले.

ज्यांच्या घरी अशी उचललेली जुनी गाडी आधीच उभी आहे, त्यांनी घाबरण्याऐवजी कान उघडे ठेवावेत. गाडी निघताना ‘टक्’ वाजते का? सावकाश जाताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू येते का? ठराविक वेगाला फरशी थरथरते का? सपाट जागी चाकांना दगड लावून, इंजिन बंद करून, शाफ्ट हाताने हलवून पाहावा. सांध्यात ढिलाई लागली तर क्रॉस बदलायची वेळ झाली. ओढ्याचे पाणी ओलांडल्यावर ग्रीस भरावे. शाफ्ट उतरवताना खूण करावी, म्हणजे काटे पुन्हा त्याच रेषेत बसतील. कोन बिघडला असेल तर पाट्याखाली पाचर घालून अ‍ॅक्सलचे तोंड सरळ करता येते. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावून जुनी जीप हाकू नये; त्याने दोन्ही शाफ्टांना पीळ बसतो.

दिवाळीत पुष्कळ कुटुंबे गाडी भरून गावाकडे येतात. गाडी धुतली जाते, आरशाला झेंडूची माळ चढते, लहान मुलेही तिच्या उंचीकडे कौतुकाने पाहतात. त्या आधी तासभर ती मिस्त्रींकडे न्यावी. त्यांच्याकडून खालचे चार सांधे तपासून घ्यावेत आणि मगच घाटाला लागावे.