हे लेखकाला कळलं कसं?

६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ. हिरोशिमातल्या एका पत्र्याच्या कारखान्याच्या कचेरीत तोशिको सासाकी ही तरुण कारकून आपल्या जागेवर बसते आणि शेजारच्या मुलीशी बोलायला मान वळवते. तेवढ्यात खोली डोळे दिपवणाऱ्या उजेडानं भरून जाते. छत खाली येतं, पाठीमागची पुस्तकांची कपाटं अंगावर कोसळतात आणि तिचा डावा पाय त्यांच्याखाली मोडतो.

जॉन हर्सी यांचं ‘हिरोशिमा’ पहिल्यांदा वाचताना मी त्या मान वळवण्यापाशी थबकले. हर्सी तिथं नव्हते. हा अमेरिकन बातमीदार शहरात पोचला तो १९४६च्या मे महिन्यात. मग हे त्यांना कळलं कसं? तिला विचारूनच. पण ‘तेव्हा काय झालं?’ एवढ्या प्रश्नाला असं उत्तर येत नाही. त्यासाठी समोर बसून राहावं लागतं, तीच सकाळ पुन्हा पुन्हा सांगायला लावावी लागते, आणि सांगणाऱ्याला ती सांगावीशी वाटेल इतका विश्वास मिळवावा लागतो.

तेव्हापासून कोणताही रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्याचा असा वृत्तांत, मी दोनदा वाचते. एकदा गोष्ट म्हणून, सलग. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, प्रत्येक तपशिलाला हाच प्रश्न विचारत. खरा आनंद मला या दुसऱ्या वाचनात सापडला.

हर्सींच्या बाबतीत उत्तरं शोधता येतात. विल्हेल्म क्लाइनझोर्गे हे जर्मन पाद्री त्यांना भेटले आणि त्यांच्यामुळे इतरांची दारं उघडली. कियोशी तानिमोतो हे धर्मोपदेशक अमेरिकेत शिकलेले, त्यामुळे त्यांच्याशी इंग्रजीतून बोलता आलं. अनेकांना भेटून हर्सींनी सहाच माणसं निवडली: दोन डॉक्टर, हे दोन धर्मगुरू, एक कारकून आणि शिवणकाम करून तीन मुलांना वाढवणारी एक विधवा. एका पुलावर एकत्र आलेल्या माणसांची आयुष्यं सांगणारी थॉर्नटन वाइल्डर यांची कादंबरी त्यांनी वाटेत आजारपणात वाचली होती. रचना तिथून सुचली. लिखाण मात्र न्यूयॉर्कला परतल्यावर केलं, जपानमधल्या अमेरिकन लष्करी सेन्सॉरच्या हाताला लागू न देता.

सुमारे ३१,००० शब्द झाले. लेख चार भागांत येणार होता. ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकातले विल्यम शॉन यांनी आग्रह धरला की सगळा एकदम छापू, आणि संपादक हॅरल्ड रॉस यांनी ३१ ऑगस्ट १९४६चा अख्खा अंक त्याला दिला. मुखपृष्ठावर उद्यानातल्या उन्हाळी सहलीचं चित्र होतं. आत नेहमीची व्यंगचित्रं नाहीत. अंक हातोहात संपला. मृतांचे आकडे आणि आकाशातून टिपलेला अणुबाँबचा तो ढग अमेरिकन वाचकांनी आधीच पाहिला होता. ढगाखालच्या माणसांना नावं आहेत, हे बहुतेकांना या लेखानं पहिल्यांदा दाखवलं. एवढं सगळं लिहिताना हर्सी कुठंही आवाज चढवत नाहीत. मला तर वाटतं, तो संयम नसता तर लेख वर्षभरात विसरला गेला असता.

मराठीत ‘हे कळलं कसं?’ हा प्रश्न घेऊन जावं ते अनिल अवचटांकडे. डॉक्टरकीची पदवी असलेल्या या माणसानं बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यातलं दारिद्र्य बघून १९६९ साली ‘पूर्णिया’ लिहिलं. निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बायकांवर ते लिहितात तेव्हा वाक्यं आखूड असतात, विशेषणं जवळजवळ नसतातच. मजुरी किती, खाडा झाला तर काय, घरी गेल्यावर चूल कोण पेटवतं, असल्या साध्या प्रश्नांतून तो सगळा व्यवहार उलगडत जातो. आपल्याला काही ठाऊक नाही हे कबूल करून समोरच्याकडून शिकायला बसणारा दुसरा एवढा मोठा लेखक मी मराठीत वाचलेला नाही. त्यांची गर्दच्या व्यसनावरची लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी ते चालवलं.

असं लिखाण सापडतं कुठे? आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी असे. कथांची पानं आठवड्याभरात मळून जात. जानेवारीत अंक हाती आला की रिपोर्ताजची पानं कोरी करकरीत मिळायची, आणि ती मी हावरटासारखी वाचायची. आजही रद्दीच्या दुकानात जुने अंक दिसले की मी अनुक्रमणिकेत आधी तेच शोधते. गाजलेल्या कथा कधीतरी संग्रहात येतात; असे कितीतरी लेख मात्र अंकातच राहून जातात. पुस्तकांपैकी पी. साईनाथ यांचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हेमंत कर्णिकांच्या अनुवादात जरूर वाचावं. निळू दामल्यांचं ‘लवासा’ही. साईनाथांनी २०१४ साली सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर गावोगावच्या माणसांवरचे लेख मराठीतही वाचायला मिळतात.

हर्सी १९८५ साली पुन्हा हिरोशिमाला गेले, त्याच सहाजणांचं पुढं काय झालं हे बघायला. तोवर दोघे वारले होते. त्यांतले एक क्लाइनझोर्गे. त्यांनी जपानी नागरिकत्व घेऊन माकोतो ताकाकुरा हे नाव धारण केलं होतं. आणि मान वळवणारी ती मुलगी नन झाली होती, सिस्टर दोमिनिक. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत हे प्रकरण शेवटी जोडलेलं आहे. माझ्या प्रतीत तिथल्या समासात पेन्सिलीच्या खुणा सगळ्यात दाट आहेत.