एकच शब्द, निराळे अर्थ : भारतीय भाषांतील तत्सम शब्द

केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचे हिंदी नाव ‘शिक्षा मंत्रालय’ असे आहे. हिंदीशी फारसा संबंध न आलेल्या मराठी वाचकाला हे गुन्हेगारांचा समाचार घेणारे खाते वाटेल. उलट, मराठीतील ‘कारावासाची शिक्षा’ वाचून हिंदीभाषक विद्यार्थ्याला तुरुंगात भरणारे वर्ग आठवतील. शब्द एक, लिपीही एक, तरी अर्थ जुळत नाही.

संस्कृतमधून रूप न बदलता आलेल्या शब्दांना आपण तत्सम म्हणतो. मात्र हे सारखेपण रूपाचे असते. अर्थाचे असेलच असे नाही. पाठ्यपुस्तके याची उकल अर्थसंकोच, अर्थविस्तार अशा संज्ञांनी करतात. संस्कृतात ‘मृग’ हा शब्द कोणत्याही वन्य पशूसाठी येई. मराठीत तो हरणापुरता उरला, तर मल्याळममध्ये ‘मृगम्’ म्हणजे आजही प्राणी. या संज्ञा उपयोगी आहेत. पण त्यांमुळे एकेक शब्द सुटा पाहण्याची सवय लागते, आणि शब्दाचा अर्थ बराचसा त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतो.

हा मुद्दा फेर्दिनां द सोस्यूर यांनी मांडला. त्यांची व्याख्याने त्यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. फ्रेंचमध्ये ‘मुतों’ म्हणजे मेंढी आणि तिचे मांसही. इंग्रजीत मांसासाठी ‘मटन’ हा वेगळा शब्द असल्याने ‘शीप’ जनावरापुरताच राहतो. म्हणून ‘शीप’ आणि ‘मुतों’ यांचे भाषिक मूल्य सारखे नाही. (तेच ‘मटण’ आपल्याकडे आल्यावर बहुतेक वेळा बोकडाचे झाले, हे जाता जाता.)

आता ‘शिक्षा’कडे परत येऊ. संस्कृतात ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे. उच्चारशास्त्राच्या वेदांगाचे नावही ‘शिक्षा’च. हिंदी आणि बंगालीने हा अर्थ राखला. मराठीत शिकण्याची जागा ‘शिक्षण’ या शब्दाकडे आहे आणि ‘शिक्षा’ म्हणजे चुकीबद्दल भोगायचे फळ. हिंदीत या अर्थाने ‘दंड’ किंवा ‘सज़ा’ चालतो. मराठीत ‘दंड’ म्हटले की रोजच्या बोलण्यात पैसेच डोळ्यांपुढे येतात, म्हणून ‘दंडाची शिक्षा’ हा शब्दप्रयोग आपल्याला मुळीच विचित्र वाटत नाही. म्हणजे एका शब्दाचा अर्थ वेगळा असला की त्याच्या आसपासच्या शब्दांची वाटणीही वेगळी असते. कन्नड आणि तेलुगू या बाबतीत मराठीच्या बाजूला आहेत, हेही लक्षात घ्यावे.

परीक्षेत ही गोष्ट महाग पडू शकते. हिंदी पुस्तक वाचून मराठीत उत्तर लिहिणारा विद्यार्थी ‘१९७६ चे ४२वे संविधान संशोधन’ असे लिहून जातो. मराठीत संशोधन विद्यापीठात होते. संविधानात होते ती दुरुस्ती. शिवाय मराठीत ‘घटनादुरुस्ती’ हा शब्द रुळलेला आहे, आणि तो हिंदी वाचकाला आणखी बुचकळ्यात टाकतो, कारण त्याच्या लेखी ‘घटना’ म्हणजे केवळ घडलेली गोष्ट.

वरील चुका निदान लगेच कळतात. अर्थाऐवजी शब्दाची छटा बदलते तेव्हा त्या लपून राहतात. मराठीत ‘अभिमान’ बहुधा चांगला आणि ‘गर्व’ वाईट. गर्वाचे घर खाली, असे आपण म्हणतो. हिंदीत देशाविषयी ‘गर्व’ वाटतो आणि ‘अभिमान’ पुष्कळदा अहंकाराकडे झुकतो. कन्नड-तेलुगूत चित्रपटातील नटाचा चाहता ‘अभिमानी’ असतो. बंगालीत तर ‘अभिमान’ म्हणजे जवळच्या माणसाने दुखावल्यावर मनात धरलेले, पण बोलून न दाखवलेले दुःख. परक्या माणसावर असा अभिमान करता येत नाही, त्यासाठी आधी प्रेमाचा हक्क असावा लागतो. मराठी अनुवादक येथे ‘रुसवा’ वापरू शकतो, पण रुसव्यात थोडा लाडिकपणा असतो आणि तो सहसा समोरच्याला दाखवण्यासाठीच असतो. ‘अभिमान’ तसाच ठेवला, तर मराठी वाचक नायिकेला गर्विष्ठ नाही तरी स्वाभिमानी समजेल, आणि ती रडते का हे त्याला कळणार नाही.