ई२० पेट्रोल: मायलेज घटतं, मग फायदा नेमका कुणाचा?

पेट्रोल पंपावर तुम्ही १ लिटर पेट्रोल भरता, तेव्हा त्यातलं सुमारे २०० मिलिलिटर पेट्रोल नसतंच. ते असतं इथेनॉल, म्हणजे ऊस, मका किंवा तांदळापासून तयार केलेलं अल्कोहोल. या मिश्रणालाच ई२० म्हणतात.

२०२५ मध्ये देशभर २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि त्यानंतर सोशल मीडियावर दोन तट पडले. एका बाजूला 'गाडीचं मायलेज पडलं, इंजिनाची वाट लागली' म्हणणारे. दुसऱ्या बाजूला 'शेतकऱ्यांचा फायदा, प्रदूषण कमी, परकीय चलनाची बचत' म्हणणारे. दोन्ही बाजूंच्या दाव्यांत तथ्य आहे आणि दोन्हीकडे काही गोष्टी सोयीस्करपणे गाळल्याही जातात. त्या समजून घेऊया.

इथेनॉल मिसळायचं कशासाठी?

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो. जगात कुठेही युद्ध पेटलं की त्याची झळ आपल्या खिशाला बसते ती यामुळेच. आयात थोडी तरी कमी व्हावी म्हणून पेट्रोलमध्ये देशात तयार झालेलं इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली.

२०१३-१४ मध्ये हे प्रमाण अवघं १.५३ टक्के होतं. जून २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं. २० टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० साठी होतं, ते २०२५-२६ वर आणलं गेलं.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार, २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत यातून १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचलं. रक्कम मोठी आहे, पण तिच्यासोबत काही हिशेब येतात.

मायलेज खरंच कमी होतं का?

हो. यामागचं कारण साधं आहे. १ लिटर इथेनॉलमध्ये १ लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे तेवढ्याच अंतरासाठी इंधन जास्त लागतं.

किती जास्त? निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात याचे अंदाज आहेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के आणि ई२० साठी जुळवलेल्या नव्या चारचाकीत १ ते २ टक्के घट होऊ शकते, असं हा अहवाल सांगतो.

हे रुपयांत मांडून पाहू. ५० किलोमीटर मायलेज देणारी दुचाकी महिन्याला ६०० किलोमीटर धावत असेल, तर १२ लिटर पेट्रोल लागतं. दर लिटरला १०४ रुपये धरला, तर ई२० मुळे महिन्याला ४० ते ५० रुपये जादा जातील. १५ किलोमीटर मायलेज असलेली जुनी कार महिन्याला ९०० किलोमीटर धावत असेल, तर हाच जादा खर्च ४०० ते ४७० रुपयांच्या घरात जातो. थोडक्यात, 'मायलेज निम्मं झालं' हा दावा खरा नाही आणि 'काहीच फरक पडत नाही' हाही नाही.

इंजिनाचं काय? इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि जुन्या पद्धतीच्या रबरी भागांना ते मानवत नाही. काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं आहे. एप्रिल २०२३ पासून ई२० ला साजेसे भाग असलेल्या गाड्या बाजारात येऊ लागल्या. प्रश्न आहे तो त्याआधीच्या गाड्यांचा.

मग ई२० स्वस्त का नाही?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. ऊर्जा कमी मिळते, तर दरही कमी हवा, अशी अपेक्षा रास्त आहे. निती आयोगाच्या अहवालातही ग्राहकाला मायलेजची भरपाई मिळावी, यासाठी किमतीत सवलतीचा विचार मांडला होता.

पण इथेनॉलच पेट्रोलपेक्षा महाग झालं. सरकारने जाहीर केल्यानुसार, २०२४-२५ च्या हंगामात जुलैअखेर इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती. शुद्धीकरण कारखान्यातून बाहेर पडणारं, कर न लागलेलं पेट्रोल त्याहून स्वस्त होतं. म्हणजे इथेनॉल मिसळून तेल कंपन्यांचा खर्च कमी झाला नाही. ऊर्जा सुरक्षा, शेतकऱ्यांचं उत्पन्न आणि पर्यावरणासाठी हा कार्यक्रम असल्याचं सरकार सांगतं.

शुद्ध पेट्रोलचा पर्याय द्यावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

ऊस उत्पादकाला काय मिळतं?

महाराष्ट्राचा संबंध येतो तो इथे. साखर जास्त झाली की दर पडतात, कारखान्याचे पैसे गोदामातल्या पोत्यांत अडकतात आणि शेतकऱ्याची एफआरपी थकते. हे चक्र राज्यातल्या ऊस उत्पादकांना पाठ आहे.

इथेनॉलने कारखान्यांना दुसरी वाट दिली. उसाचा रस थेट वापरता येतो. किंवा थोडी साखर काढून उरलेली 'बी हेवी' मळी वापरता येते. किंवा जास्तीत जास्त साखर काढल्यावर राहिलेली 'सी हेवी' मळी. २०२४-२५ साठी रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये, बी हेवीला ६०.७३ रुपये आणि सी हेवीला ५७.९७ रुपये दर ठरला. साखर विकली जाण्याची वाट न पाहता पैसे हातात येतात, हा कारखान्यांसाठी मोठा दिलासा आहे.

पण ही वाट सरकारच्या एका आदेशाने बंदही होते. पाऊस कमी झाल्याने साखरेचं उत्पादन घटेल या भीतीने केंद्राने ७ डिसेंबर २०२३ रोजी रसापासून इथेनॉल बनवायला मनाई केली. नंतर काही प्रमाणात सूट मिळाली, पण निर्बंध पूर्ण उठायला ऑगस्ट २०२४ उजाडला. कर्ज काढून प्रकल्प उभारलेल्या कारखान्यांना ऐन गाळपात याचा फटका बसला.

उसाची जागा मग मक्याने घेतली. २०२३-२४ मध्ये सर्वाधिक इथेनॉल मक्यापासून तयार झालं. मका उत्पादकांना चांगला दर मिळाला, पण कोंबड्यांचं खाद्य महागलं. एरवी मका निर्यात करणाऱ्या भारतावर २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणात आयात करण्याची वेळ आली. तेलाची आयात कमी करताना धान्याची आयात वाढली, तर वाचलेल्या परकीय चलनातून ती रक्कम वजा करावी लागते.

पर्यावरणाचं गणित काय सांगतं?

पेट्रोल जाळलं की लाखो वर्षं जमिनीखाली असलेला कार्बन हवेत जातो. इथेनॉल जाळल्यावरही कार्बन डायऑक्साइड निघतो, पण तो पीक वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. मात्र खत, पंप, वाहतूक आणि डिस्टिलरी यांना ऊर्जा लागते, म्हणून उत्सर्जन शून्य होत नाही. निती आयोगाच्या अभ्यासानुसार, पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलचं उत्सर्जन ६५ टक्क्यांनी आणि मक्याच्या इथेनॉलचं ५० टक्क्यांनी कमी आहे.

आता खरी मेख इथे आहे. ई२० मध्ये इथेनॉल २० टक्के असलं, तरी ऊर्जा कमी असल्याने गाडी चालवण्यात त्याचा वाटा सुमारे १४ टक्केच असतो. त्या १४ टक्क्यांवर ६५ टक्के बचत धरली, तर एका किलोमीटरमागे कार्बन सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. मक्याच्या बाबतीत ७ टक्क्यांनी. फायदा आहे, पण नावातल्या '२०' इतका नाही.

धुराबाबतही चित्र संमिश्र आहे. ई२० मुळे कार्बन मोनॉक्साइड दुचाकींत ५० टक्के आणि चारचाकींत ३० टक्क्यांपर्यंत कमी होतो. नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ठोस फरक दिसत नाही, तर अ‍ॅसिटाल्डिहाइड हा त्रासदायक वायू वाढतो.

आणि पाणी?

निती आयोगाच्याच अहवालानुसार, साखरेपासून १ लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. म्हणजे १० हजार लिटरच्या एका टँकरभर पाण्यात जेमतेम साडेतीन लिटर इथेनॉल. हे पाणी मुख्यतः ऊस पिकवायला लागतं.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात उसाचे फडही आहेत आणि कारखानेही. साखरेसाठी आधीच पिकवलेल्या उसाच्या सी हेवी मळीतून इथेनॉल काढणं वेगळं आणि इथेनॉलसाठी नवं क्षेत्र उसाखाली आणणं वेगळं. पहिल्यात टाकाऊचा उपयोग होतो, दुसऱ्यात भूजल खर्ची पडतं.

यावर ब्राझीलचं उदाहरण दिलं जातं. तिथे १९७५ पासून इथेनॉलचा सरकारी कार्यक्रम आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण लागू झालं. पण तिथला ऊस बहुतांश पावसावर येतो आणि आपल्याकडचा पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर. शिवाय तिथे पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळ्या दराने मिळतं आणि बहुतेक गाड्या दोन्हीवर चालतात. पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा दर कमी असेल तर इथेनॉल भरायचं, असा साधा हिशेब तिथले चालक करतात.

यापेक्षा इलेक्ट्रिक गाडी बरी का?

जमिनीच्या वापराचा विचार केला तर हो. सूर्यप्रकाशातली जेमतेम १ टक्का ऊर्जा पिकात साठते, तर सौर पॅनेल सुमारे २० टक्के ऊर्जेची वीज करतं. पण देशातली बहुतांश वीज आजही कोळशापासून बनते आणि नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही. आज रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी पेट्रोल गाड्यांसाठी इथेनॉल हा लगेच वापरता येणारा पर्याय आहे, ही त्याची जमेची बाजू.

तुम्ही काय करावं?

गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर ई१० लिहिलंय की ई२०, ते पाहा. गाडी जुनी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाचे पाइप आणि गॅस्केट तपासून घ्या. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका.

आणि पुढच्या वेळी 'ई२० चांगलं की वाईट' असा वाद रंगला, तर एक प्रश्न जरूर विचारा: हे इथेनॉल कशापासून बनलंय? मळीपासून, पाटाच्या पाण्यावरच्या उसापासून की कोंबड्यांच्या खाद्यातल्या मक्यापासून? ई२० चा फायदा किती, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.