साखर उसनी आणा, गोळी नको

मैत्रिणींनो, हा लेख वाचायला बसण्याआधी एक काम करा. घरातला औषधांचा डबा उघडा. त्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या किती आणि ‘अमकीला गुण आला’ म्हणून आणलेल्या किती, ते मोजा. मागच्या वर्षी मी मोजल्या, तेव्हा अकरा पाकिटांपैकी सात दुसऱ्या प्रकारची निघाली! आणि मी काही अडाणी बाई नाही हो. घरात रोज दोन वर्तमानपत्रे येतात.

आम्ही कात्रजला राहतो. सकाळी सहाला तळ्याकाठी फिरायला जाणाऱ्या आम्ही चौघीजणी, सगळ्यांची पंचेचाळिशी उलटलेली. पूर्वी चालताना सासू, सून, भाजीचे भाव असे विषय असत. आता एक विचारते, “तुझं डी किती आलं गं?” दुसरी म्हणते, “माझं बी-ट्वेल्व्ह अगदीच तळाला.” एकीने दोनदाच जेवायचे व्रत घेतलेले, दुसरी दर दोन तासांनी तोंडात काहीतरी टाकणारी. तिसरी गोळ्यांवर भिस्त ठेवून असलेली. आणि चौथी मी, तिघींचेही ऐकणारी!

आपण आपल्या शरीरावर प्रयोग करतो, हे मुळात वाईट नाही. आपल्या महाराष्ट्रात गेली काही वर्षे घरोघर चाललेला दोन वेळा जेवणाचा प्रकारसुद्धा एका डॉक्टरांच्या स्वतःवरच्या प्रयोगातूनच लोकांपर्यंत आला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. २००४ साली ते अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी २०१२ साली तो स्वतःवर करून पाहिला. तीन महिन्यांत त्यांचे आठ किलो वजन उतरले. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळा ठरवायच्या, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवायचे, मधे काही खायचे नाही आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, अशी त्यांची पद्धत. त्यामागचे म्हणणे असे, की दर वेळी खाल्ले की शरीरात इन्सुलिन सुटते आणि ते सारखे सुटत राहिले की चरबी साठते. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत आल्या, की दर दोन तासांनी थोडे थोडे खा. दोन्ही बाजूंची माणसे शिकलेली, दोन्हींकडे गुण आलेले लोक. आपण मात्र सोमवारी एकांचे ऐकतो नि गुरुवारी दुसऱ्यांचे!

पण दीक्षितांच्या पद्धतीतली एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. सुरू करण्याआधी उपाशीपोटी इन्सुलिन आणि तीन महिन्यांची साखर तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असे ते सांगतात. म्हणजे आधी मोजा, मग करा, मग पुन्हा मोजा. आम्ही चौघींपैकी एकीनेही हे केले नव्हते.

आता माझी गोष्ट सांगते. लाज वाटते, पण सांगते.

मला सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे, पन्नास मायक्रोग्रॅमची. रोज सकाळी उठल्याबरोबर घ्यायची. मागच्या गणपतीच्या सुमारास वजन काही केल्या हलेना. एका लग्नात कोणीतरी सांगितले, “अगं, थायरॉइडची गोळी वाढवली की वजन झरझर उतरतं.” घरी येऊन मी एकाच्या दोन गोळ्या सुरू केल्या. कोणाला विचारले नाही. त्याच आठवड्यात दोन वेळा जेवणे धरले. केस गळत होते, म्हणून शेजारणीकडून केसांच्या गोळ्यांची पट्टीही आणली. वाटीभर साखर आणावी, तितक्याच सहजपणे!

दिवाळीपर्यंत तीन किलो उतरले. फराळाला आलेली प्रत्येक बाई विचारी, “काय करतेस गं?” मी सुखावून जाई. रात्री झोप लागत नव्हती, जिना चढताना छातीत धडधडत होते, पण ते मी दिवाळीच्या दगदगीवर ढकलले. माझ्या हाताकडे लक्ष गेले ते सासूबाईंचे. चहाची कपबशी पुढे केली, तर बशी किणकिणत होती. त्या म्हणाल्या, “सूनबाई, हात का थरथरतोय तुझा? आणि डोळे असे ओढलेले का? आजच्या आज दाखवून ये.”

स्वतःवर प्रयोग करणाऱ्याला स्वतःचे दिसत नाही, हे थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. गांधीजींनी आयुष्यभर खाण्याचे प्रयोग केले. दूध न घेण्याचे त्यांचे व्रत होते. १९१८ साली आमांशाने ते अंथरुणाला खिळले, तरी दूध घेईनात. डॉक्टरांचेही काही चालेना. अखेर कस्तुरबांनी सुचवले, की व्रत घेताना गाई-म्हशी मनात होत्या, मग बकरीच्या दुधाला काय हरकत आहे? १९१९ पासून ते बकरीचे दूध घेऊ लागले. घरातल्या माणसाची नजर अशी कामाला येते.

असो. रिपोर्ट आला. टीएसएच जवळजवळ शून्यावर! मला वाटले, कमी म्हणजे चांगले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला समजावले, ते तुम्हालाही सांगते.

तुमच्या सोसायटीत गच्चीवर पाण्याची टाकी असेल आणि खाली पंप. टाकी रिकामी झाली की वॉचमन पंप जोरात चालवतो, भरली की बंद करतो. टीएसएच म्हणजे तो पंप. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ते सुटते आणि गळ्यातल्या थायरॉइडला ‘चालू हो’ म्हणते. शरीरात थायरॉइडचे हार्मोन कमी पडले की टीएसएच वाढते, जास्त झाले की कमी होते. माझा पंप बंद पडला होता, कारण टाकी वाहत होती! जास्तीचे थायरॉइड छातीत धडधड करते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि पाळी जाण्याच्या वयात हाडे ठिसूळ होतात. उतरलेल्या वजनात नुसती चरबी नसते, स्नायूही झिजतात.

मग त्यांनी विचारले, “आणखी काय घेता?” मी केसांच्या गोळ्यांचे सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या गोळ्यांत बायोटिन होते. बायोटिन जास्त मात्रेत घेतले, तर काही पद्धतींच्या तपासणीत टीएसएच खोटेच कमी दाखवले जाते. म्हणजे आता रिपोर्टवरही पुरता भरवसा ठेवता येईना.

“दुप्पट गोळी, दोन वेळा जेवण आणि केसांचं औषध, तिन्ही एकाच आठवड्यात सुरू केलंत. आता तुम्हीच सांगा, वजन कशानं उतरलं?” त्या म्हणाल्या. माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझा तो प्रयोग नव्हताच. ती नुसती खिचडी होती!

बायोटिन आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त दिले. टीएसएच तरीही कमीच. म्हणजे दोष दुप्पट गोळीचाच. मात्रा पूर्ववत झाली. हे औषध शरीरातून सावकाश जाते, एका आठवड्यात साधारण निम्मे. म्हणून मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. माझी धडधड थांबायला तेवढे दिवस गेले. तीनपैकी दोन किलो परत आले, ते वेगळेच.

आता आमच्या चौघींच्या बोलण्यातले बाकीचे विषय.

ब-१२ची कमतरता ही आपल्याकडची खरी गोष्ट आहे, थोतांड नव्हे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे परिसरातल्या पुरुषांना तपासले, तेव्हा शहरी मध्यमवर्गातल्या सुमारे ८१ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक यांतून येते. कात्रजच्या डेअरीची पिशवी आपल्या दारात येते, पण मुलांचे दूध, नवऱ्याचे दही, सासऱ्यांचे ताक झाल्यावर आपल्या वाट्याला येतो चहातला चमचाभर. आधी आपला कप वेगळा काढा. तरीही कमी असेल, तर डॉक्टर सांगतील तशी गोळी किंवा इंजेक्शन घ्या. मुंग्या येणे, तोल जाणे असे होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही ठरावीक आठवडेच. ती रोज घेणाऱ्या बायका आहेत! ते जास्त झाले की रक्तात कॅल्शियम वाढते. मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि मूत्रपिंडाला त्रास.

वजनकाट्याचेही ऐका. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! म्हणून काट्यासोबत कंबरेची टेपही ठेवा.

आणि आता ज्या गोळीला आपण औषधही समजत नाही, तिच्याबद्दल. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरचे कार्य आले की पाळी पुढे ढकलण्याची गोळी आणायला आपण नवऱ्याला किंवा मुलाला केमिस्टकडे पाठवतो. त्यात नॉरइथिस्टेरॉन असते, म्हणजे हार्मोनच. सहसा पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग झालेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर ती घ्यायची नाही. हे प्रश्न केमिस्टच्या दुकानात मुलाला कोण विचारणार? पाळीची अडचण देवाला आहे की घरातल्या चार माणसांना, हे तुमचे तुम्ही ठरवा. पण गोळी घ्यायचीच, तर डॉक्टरांना विचारून घ्या. सूनबाईंना तर सासूने आग्रहच करू नये.

मी आता एक जुनी शंभरपानी वही केली आहे. तिचे नियम असे:

१. एका वेळी एकच बदल. तो निदान सहा आठवडे चालवायचा, मगच दुसरा.

२. सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब आणि डॉक्टर सांगतील त्या तपासण्या लिहून ठेवायच्या. तेवढेच सगळे शेवटी पुन्हा.

३. झोप, धाप, धडधड, पाळीच्या तारखा रोज एका ओळीत.

४. थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी.

५. रक्त द्यायला जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्यायची, केसांची आणि ‘ताकदीची’सुद्धा.

६. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायच्या नाहीत. साखर एकदम खाली जाते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने असले प्रयोग करूच नयेत.

७. हार्मोनची गोळी मनाने सुरू, बंद, कमी, जास्त करायची नाही.

आणि आठवा, जो वहीत लिहिलेला नाही: घरातल्या एका माणसाला सांगून ठेवायचे, “माझ्यात काही वेगळं दिसलं तर बोल हं.” आमच्याकडे हे काम सासूबाईंनी आपणहून घेतले आहे.

संक्रांतीनंतर मी डॉक्टरीणबाईंना विचारून फक्त दोन वेळा जेवण पुन्हा धरले. तीन महिन्यांत दोन किलो उतरले, कंबर एक इंच. लग्नात कोणाच्या लक्षातही येणार नाही इतके. पण कशाने उतरले, ते या वेळी मला सांगता येते.

आता तो डबा पुन्हा उघडा. उसनवारीच्या पट्ट्या बाहेर काढा. शेजारणीला परत मात्र करू नका हं. तिलाही त्या नकोतच.