मोटारगाडीवरील सायकलवहन आणि इंधनवापर

मोटारगाडीच्या छतावर किंवा मागील बाजूस सायकली बांधून प्रवास केल्यास गाडीचा इंधनवापर वाढतो. ही वाढ प्रामुख्याने सायकलींच्या वजनामुळे नव्हे, तर त्यांच्यामुळे वाढणाऱ्या हवेच्या रोधामुळे होते. सायकली कोठे बांधल्या आहेत, गाडीचा वेग किती आहे आणि सायकली उतरवल्यानंतरही कॅरियर गाडीवर तसेच राहते का, या तीन गोष्टींवर वाढीचे प्रमाण अवलंबून असते.

भौतिक कारण

सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने धावणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन रोधांवर मात करावी लागते : टायरांचा रोध आणि हवेचा रोध. टायरांचा रोध गाडीच्या एकूण वजनाच्या प्रमाणात असतो. वेगानुसार तो फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की हा रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. हवेचा रोध पुढील सूत्राने काढतात :

रोध = ½ × हवेची घनता × रोध गुणांक × समोरील क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

आधुनिक गाडीचा आकार हवा अंगावरून सहज वाहून जावी असा घडवलेला असतो. सायकलीच्या गोल नळ्या, आरे, पायडल आणि हँडल यांमुळे हा प्रवाह मोडतो व त्यांच्या मागे भोवरे निर्माण होतात. त्यामुळे समोरून बारीक दिसणारी सायकलही बराच रोध निर्माण करते.

उदाहरण

१४०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीचा रोध गुणांक ०.३० आणि समोरील क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आहे असे समजू. या दोहोंचा गुणाकार ०.६६ येतो. छतावरील दोन सायकली व कॅरियर यांमुळे हा गुणाकार ०.२ ने वाढला आणि गाडीचे वजन ४० किलोग्रॅमने वाढले असे गृहीत धरल्यास रोधाचे आकडे (न्यूटनमध्ये) साधारणपणे असे येतात :

| रोध | ताशी ५० किमी | ताशी १०० किमी |
|---|---|---|
| टायरांचा मूळ रोध | १३७ | १३७ |
| हवेचा मूळ रोध | ७६ | ३०६ |
| वजनामुळे झालेली वाढ | ४ | ४ |
| हवेमुळे झालेली वाढ | २३ | ९३ |
| एकूण वाढ (टक्के) | १३ | २२ |

वजनाचा वाटा दोन्ही वेगांना सारखाच व अल्प राहतो, तर हवेचा वाटा चौपट होतो. घाटात चढताना किंवा शहरात वारंवार थांबून पुन्हा वेग घेताना वजनाचा प्रभाव काहीसा वाढतो. तरीही ४० किलोग्रॅम म्हणजे या गाडीच्या वजनाच्या केवळ ३ टक्के होत. भार वाढल्यावर इंजिन काहीसे अधिक कार्यक्षमतेने चालते, म्हणून इंधनवापरातील प्रत्यक्ष वाढ रोधातील वाढीपेक्षा थोडी कमी असते.

सायकलींची जागा

छतावर : येथे सायकली गाडीवरून वेगाने वाहणाऱ्या हवेत उभ्या असतात. त्यामुळे या पद्धतीत रोध सर्वाधिक वाढतो.

मागील बाजूस : डिकीच्या दारावर पट्ट्यांनी बांधलेल्या किंवा टो-हुकवर बसवलेल्या कॅरियरमधील सायकली बऱ्याच अंशी गाडीच्या आडोशाला असतात. गाडीच्या रुंदीबाहेर येणारी चाके मात्र वाऱ्यात सापडतात. या पद्धतीत वाहनक्रमांकाची पाटी व मागील दिवे झाकले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

गाडीच्या आत : चाके काढून किंवा घडीची सायकल दुमडून आत ठेवल्यास केवळ वजन वाढते, हवेचा रोध वाढत नाही.

अमेरिकेतील शासकीय इंधनविषयक माहितीनुसार, छतावरील मोठ्या बोथट सामानपेटीमुळे गाडीचे मायलेज शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी सुमारे १०५ ते १२० किमी वेगाला १० ते २५ टक्के घटू शकते. मागे बसवलेल्या पेटीमुळे किंवा तबकामुळे ही घट शहरात १ ते २ आणि महामार्गावर १ ते ५ टक्के असते. हे आकडे सायकलींचे नसले, तरी छत व मागील बाजू यांतील फरक त्यांतून स्पष्ट होतो.

रिकामे कॅरियर

सायकली वर्षातून मोजके दिवस नेल्या जातात. कॅरियर मात्र अनेकदा वर्षभर छतावर राहते. त्याचा रोध सायकलींपेक्षा कमी असला, तरी तो रोजच्या प्रत्येक किलोमीटरला सोसावा लागतो. युचे चेन व ॲलन मायर यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, छतावरील कॅरियरमुळे अमेरिकेत २०१५ साली सुमारे १० कोटी गॅलन, म्हणजे जवळपास ३८ कोटी लिटर, जादा पेट्रोल लागले असा अंदाज मांडला आहे. हलक्या वाहनांच्या एकूण इंधनवापरात हे प्रमाण दर हजारी ०.८ इतके होते. कॅरियरचा आकार सुधारण्यापेक्षा ते रिकामे मिरवणे टाळल्यास देशपातळीवर अधिक इंधन वाचेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

खर्चाचा हिशेब

मायलेज, म्हणजे बोलीभाषेतील ‘ॲव्हरेज’, प्रतिलिटर २० किमीवरून १७ किमीवर आले, तर ३४० किमीच्या प्रवासाला १७ ऐवजी २० लिटर पेट्रोल लागते. येथे मायलेजमधील घट १५ टक्के असली, तरी इंधनवापरातील वाढ सुमारे १८ टक्के होते. एक लिटर पेट्रोलच्या ज्वलनातून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे या प्रवासात जवळपास ७ किलोग्रॅम वायूची भर पडते. विद्युत मोटारगाडीत इंजिनाप्रमाणे उष्णतेच्या रूपाने मोठा अपव्यय होत नसल्याने वाढलेल्या रोधाचा परिणाम अधिक थेट जाणवतो आणि एका चार्जिंगमध्ये कापता येणारे अंतर घटते.

वापर कमी ठेवण्याचे उपाय

* शक्य असल्यास सायकली गाडीच्या आत किंवा मागील बाजूस ठेवणे.
* महामार्गावर वेग मर्यादित ठेवणे. वरील उदाहरणात वेग ताशी १०० ऐवजी ८० किमी ठेवल्यास हवेचा रोध ३६ टक्क्यांनी कमी होतो.
* सायकलीवरील पिशव्या, टोपल्या व बालआसन काढून गाडीत ठेवणे.
* प्रवास संपताच कॅरियर, आणि शक्य असल्यास छतावरील आडवे दांडेही, काढून ठेवणे.

हे सुद्धा पहा

* वायुगतिकी
* सायकल
* विद्युत वाहन