हसवणारा नट जातो तेव्हा

विनोदी नट गेल्याची बातमी आली की त्याला कधीही न भेटलेली माणसंसुद्धा घरातलं कुणी गेल्यासारखी हळहळतात. १४ मार्च १९९८ ला दादा कोंडके गेले आणि १६ डिसेंबर २००४ ला, अवघ्या पन्नाशीत, लक्ष्मीकांत बेर्डे गेले, तेव्हा महाराष्ट्राने हे अनुभवलं. असा शोक कसा तयार होतो, कसा पसरतो आणि पुढे त्याचं काय होतं, हे जवळून पाहायचं असेल तर चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत यावं. भंडारा-गोंदियासह हा सारा धानाचा, जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथला विनोदी नट थिएटरच्या पडद्यापुरता नाही. तो गावात येतो, गावात जेवतो आणि पहाटेपर्यंत गावाला हसवतो. त्यामुळे तो गेल्यावर गावाचं काय हरवतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

आधी नातं कसं जुळतं

दिवाळी झाली, धान हाताशी यायला लागलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्यांच्या जोडीने नाटकं सुरू होतात. हा हंगाम साधारण होळीच्या आसपासपर्यंत चालतो. नाट्यमंडळांचं मोठं केंद्र गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज. मंडळांची कार्यालयं तिथे आहेत. गावातलं आयोजक मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तारीख घेतं, आगाऊ रक्कम देतं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नवरगाव, मूल, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यात हंगामात एकाच रात्री कितीतरी गावांत नाटकं चालू असतात.

नाटक ठरलं की घरोघरी पाहुण्यांना निरोप जातात. लेकीजावई, सोयरे येतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत प्रयोग चालतो. मुख्य कथा बहुतेक वेळा कौटुंबिक किंवा सामाजिक, रडवणारी. मध्ये गाणी, नृत्यं. आणि या सगळ्यातून प्रेक्षकाला जागं ठेवणारा विनोदी कलाकार. आईच्या मांडीवर झोपलेलं पोर त्याच्या प्रवेशाला मुद्दाम उठवलं जातं. एकाच मंडपात आजा, बाप आणि नातू एकाच माणसाला हसतात, पुढच्या हंगामातही त्यालाच हसतात. असे दहा-वीस हंगाम गेले की तो नट त्या घराच्या आठवणींत मिसळून जातो. अमक्या साली नाटकाला आलो होतो, तेव्हाच सोयरीक जुळली, असं माणसं सांगतात, आणि त्या आठवणीत तो नट असतोच.

दूरचित्रवाणीवरच्या कलाकाराशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी जवळिकीचं नातं जुळतं, त्याचं वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्ये केलं. प्रेक्षक कलाकाराला ओळखतो, कलाकार त्याला ओळखत नाही. दादा कोंडके आणि बेर्डे यांच्याशी आपलं नातं बहुतांशी असं होतं. झाडीपट्टीत मात्र ते दुहेरी होतं. नट गावात आल्यावर गावातल्या चार गोष्टी विचारून घेतो आणि रात्री त्या बोलण्यात पेरतो. रखडलेला रस्ता, धानाचा भाव, समोर बसलेल्या एखाद्या पुढाऱ्याची चिमटा काढून घेतलेली दखल. गावाला वाटतं, हा आपल्याला ओळखतो. आणि तेवढ्या रात्रीपुरतं ते खरंही असतं.

याला हास्याचा स्वभावही कारणीभूत आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या हसण्याची निरीक्षणं केली. माणूस एकटा असताना जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो सोबतीत हसतो, असं त्याला आढळलं. म्हणजे विनोदी नटाची आठवण एकट्याने साठवलेली क्वचितच असते. शेजारी कोण बसलं होतं, तेही तिच्यात असतं. नट गेल्यावर माणूस त्याच्यासाठी रडतो, आणि त्या रात्री शेजारी बसून हसलेल्या, आता नसलेल्या आपल्या माणसांसाठीही रडतो. विनोदी नटाच्या मरणाने मोठीमोठी माणसं अचानक गहिवरतात, ती यामुळे.

बातमी कशी पोचते

पूर्वी अशी बातमी रेडिओवरून, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून किंवा वडशाहून येणाऱ्या माणसाकडून कळायची. आता नटाच्या निधनाची बातमी रुग्णालयातून घरी पोचण्याआधी मोबाइलवर पोचते. आधी फोटो येतो, मग जुन्या प्रयोगाचा एखादा तुकडा, मग जो तो आपल्या गावचा किस्सा सांगू लागतो. प्रत्येक गाव म्हणतं, आमच्याकडचा प्रयोग सगळ्यात रंगला होता. ही चढाओढ वरवर पोरकट वाटेल, पण शोकाचं पहिलं काम हेच असतं. आपलं त्याच्याशी नातं होतं, हे चारचौघांत सांगायचं असतं.

घाईचा धोकाही इथेच आहे. आजारी कलाकाराच्या मरणाची खोटी बातमी फिरते आणि घरच्यांना ती खोडत बसावं लागतं. म्हणून घरच्यांकडून किंवा मंडळाकडून खात्री झाल्याशिवाय फोटोला हार घालून पुढे पाठवू नये. इतकी सबुरी हासुद्धा श्रद्धांजलीचाच भाग आहे.

त्या रात्रीचं नाटक

नट हंगामात गेला तर त्या रात्रीच्या नाटकाचं काय, हा पहिला व्यवहारी प्रश्न. गावाने पैसे भरलेले असतात, मंडप उभा असतो, पाहुणे आलेले असतात. मंडळातल्या गायक, वादक, नृत्यांगना, प्रकाशवाले, गाडीचालक या सगळ्यांची रोजी त्या प्रयोगावर असते. त्यामुळे नाटक शक्यतो रद्द होत नाही. पडदा उघडण्याआधी फोटोला हार, दोन मिनिटं स्तब्धता, दोन शब्द, आणि मग नांदी. बाहेरच्या माणसाला हे कठोर वाटू शकतं. पण नटाची बिरादरी आपल्या माणसाला असाच निरोप देते.

बदली कलाकार मिळवण्याची सोयही या रंगभूमीच्या रचनेतच आहे. कलाकार अनेकदा रोज वेगळ्या गावी, वेगळ्या नाटकात उभे राहतात. लांबलचक तालमींना वेळ नसतो. म्हणून रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकाला दिसणार नाही असा, संहिता घेऊन प्रॉम्प्टर बसतो. तो हलक्या आवाजात ओळ देतो, नट ती उचलतो आणि आपल्या ढंगाने प्रेक्षकांत फेकतो. दोघांचा मेळ बसला की प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे दुसऱ्या मंडळातला कलाकार संध्याकाळी येऊन रात्री खलनायक किंवा बाप उभा करू शकतो.

विनोदी भूमिकेत मात्र ही सोय अपुरी पडते. गेलेल्या नटाने त्या प्रवेशात वर्षानुवर्षं काय काय भरलं, ते संहितेत उतरलेलं नसतं. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दाला भुवई वर करायची, हशा ओसरायच्या आत पुढचं वाक्य कसं टाकायचं, गावच्या बोलीतला कुठला शब्द आज चालेल, हे सगळं त्याच्या अंगात होतं. प्रॉम्प्टर ओळ देऊ शकतो, हशा देऊ शकत नाही. बदली नट तीच वाक्यं बोलतो आणि ठरलेल्या जागी हशा येत नाही, तेव्हा मंडपाला खऱ्या अर्थाने कळतं की तो माणूस गेला.

दादा कोंडक्यांची कलाही याच जातीची. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वसंत सबनीसांनी लिहिलेलं लोकनाट्य, पण त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले ते दादांच्या हजरजबाबीपणावर आणि त्या त्या दिवसाच्या ताज्या शेऱ्यांवर. ‘सोंगाड्या’ किंवा ‘पांडू हवालदार’ हे त्यांचे चित्रपट आजही बघता येतात. ‘विच्छा’ची एकेक रात्र मात्र त्या रात्रीबरोबरच संपली. झाडीपट्टीतल्या नटाकडे तर बहुधा ‘सोंगाड्या’ही नसतो.

रडता रडता हसणं

विनोदी नटाच्या अंत्ययात्रेत आणि शोकसभेत एक अवघड क्षण येतो. कुणीतरी त्याची नक्कल करतं आणि सगळे हसतात. लगेच ओशाळतात. वडीलधारे डोळे वटारतात. या हसण्याची लाज वाटण्याचं कारण नाही. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये जोडीदार गमावलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे मनापासून हसू शकले, त्यांचा मानसिक त्रास तुलनेने कमी दिसला आणि इतरांशी त्यांचे संबंधही अधिक चांगले दिसले. हसणं म्हणजे दुःख नसणं, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्ही एकत्र असतात.

विनोदी नटाला भरभरून निरोप फक्त आपल्याकडेच मिळतो असं नाही. मेक्सिकोचा लाडका विदूषकी नट कॅन्टिनफ्लास १९९३ मध्ये गेला, तेव्हा हजारो माणसं पावसात त्याच्या अंत्यदर्शनाला उभी राहिली आणि निरोपाचा सोहळा तीन दिवस चालला. गरीब माणसाचं सोंग घेऊन बड्यांची फजिती करणारा नट जगात कुठेही गेला तरी गर्दी अशीच होते. कारण लोकांच्या मनातलं तो मोठ्याने बोललेला असतो.

तेरवीनंतर

तेरवीपर्यंत घर भरलेलं असतं. खरी परीक्षा त्यानंतरची. झाडीपट्टीतला कलाकार हंगामात नाटक आणि एरवी शेती किंवा मजुरी करतो. मानधन रात्रीच्या हिशेबाने मिळतं. प्रयोग नाही तर पैसा नाही. त्यामुळे घरचा कमावता विनोदी नट गेला की चार महिन्यांची कमाई एकदम थांबते. मंडळं मदतनिधी जमवतात, गावं वर्गणी देतात. हे सगळं चांगलंच आहे, पण ते ओघाने येतं आणि ओघाने आटतं.

कायमचा आधार देणारी एक वाट सरकारी आहे. राज्य शासन ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन देतं. ही रक्कम आता ५,००० रुपये आहे, आणि मानधन घेणारा कलाकार गेल्यावर ते त्याच्या पत्नीला किंवा पतीला मिळू शकतं. त्यासाठी कलाकाराचं नाव आधीच योजनेत असायला हवं. आणि तिथेच अडतं. कला सिद्ध करायला कागद लागतात, आणि आयुष्यभर रंगमंचावर राहिलेल्या माणसाकडे कागद नसतात. प्रयोगांची पत्रकं, वर्तमानपत्रातली कात्रणं, मंडळाचे दाखले, सत्काराचे फोटो जपून ठेवायला कुणी सांगितलेलं नसतं. शोकसभेत शाल आणणाऱ्या आयोजक मंडळाने नट हयात असतानाच दर हंगामाचं पत्रक आणि एक सहीशिक्क्याचा दाखला त्याच्या हाती दिला, तर त्याचं मोल शालीपेक्षा जास्त होईल.

शोकाला कामाची दिशा देता येते, याचं अलीकडचं उदाहरण तमिळनाडूत आहे. १७ एप्रिल २०२१ ला विवेक हा विनोदी नट गेला. त्याने एक कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला होता आणि लाखो रोपं लावूनही घेतली होती. तो गेल्यावर त्याच्या चाहत्यांनी ठिकठिकाणी रोपं लावली. काय करायचं, हे तो नट स्वतःच ठरवून गेला होता, म्हणून लोकांना आपल्या दुःखाचं काय करावं हा प्रश्न पडला नाही.

झाडीपट्टीच्या नटाने मागे ठेवलेलं काम म्हणजे त्याची न लिहिलेली कला. म्हणून इथल्या शोकाची दिशाही उघड आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे ‘झाडीपट्टीचे दादा कोंडके’ म्हणून ओळखले गेले. ८०० च्या आसपास भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मंडपातल्या हशाची दखल दिल्लीपर्यंत गेली. पण भूमिकांचा आकडा म्हणजे भूमिका नव्हे. त्यातला प्रत्येक प्रवेश कसा होता, हे नटाच्या तोंडून ऐकून टिपल्याशिवाय टिकणार नाही.

त्याला फार खर्च नाही. मंडळाची आणि नटाची परवानगी घेऊन दर हंगामात एक प्रयोग पूर्ण ध्वनिचित्रित करावा. नटाला प्रॉम्प्टरसोबत बसवून, संहितेत नसलेलं काय तू भरलंस, असं विचारावं आणि ते बोलीतच उतरवून घ्यावं. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, गावागावांत शिकलेली पोरं आहेत, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. शोकसभेत ‘त्यांची उणीव भरून निघणार नाही’ हे वाक्य दर वेळी म्हटलं जातं, आणि ते खरं असतं. पण नट हयात असताना त्याची एक रात्र जरी नीट जपली, तर पुढच्या पोराला हशा कुठे आणि कसा यायचा हे शिकता येईल, आणि त्या पोराला संधी देणं हेही गावाच्याच हातात आहे.