उपास, शिस्त आणि मुलाची गोळी

मागच्या भाषणात आपण ‘कर्तव्य’ या शब्दाची फोड केली. शेवटी एका शिक्षिकाबाईंनी विचारलं होतं, “सर, आमच्या पाठशाळेत मुलं राहायला असतात. एखाद्याची गोळी द्यायची राहिली तर दोष कुणाचा?” त्या दिवशी वेळ संपली होती. आज तेवढ्यावरच बोलू.

आधी माझी एक गोष्ट सांगतो. मी बारा-तेरा वर्षांचा असताना एका धार्मिक वसतिगृहात होतो. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेला मुलगा माझ्या शेजारी झोपायचा. थंडीत पहाटे विहिरीच्या पाण्यानं आंघोळ असे. आंघोळ झाली की याचे हातपाय दुखायला लागायचे. रडायचा. गुरुजी म्हणायचे, सोंग करतो. आम्ही हसायचो. मीही हसलो, हे आज कबूल करतो. पुढच्या वर्षी तो आला नाही.

त्याला काय झालं होतं, हे आता कुणी ठरवू शकणार नाही. पण पुष्कळ वर्षांनी मी सिकलसेलबद्दल वाचलं आणि त्या पहाटा आठवल्या. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, शरीरात पाणी कमी पडणं, ताप, अतिश्रम, यांनी हे उसळतं. आपल्या देशात हा आजार १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजातही तो आढळतो. म्हणजे माझ्या लहानपणी वैद्यकशास्त्राला हे माहीत होतं. आमच्या वसतिगृहाला माहीत नव्हतं.

आता मुद्दा बघा. धर्मशिक्षणाच्या निवासी संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली काढली. आपल्या खानदेशात अक्कलकुव्याला मोठा जामिया आहे. शिवाय गावोगावी लहान गुरुकुलं, पाठशाळा, मदरसे आहेत. तिथल्या दिवसाला एक शिस्त असते. पहाटे उठणं, थंड पाण्यानं आंघोळ, एकादशी, रोजा, प्रसाद. निरोगी मुलाला यातलं काहीच बाधत नाही. पण सिकलसेलच्या मुलाला निर्जळी उपास धोक्याचा. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला वेळेवर खाणं हवंच. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर? आपल्या उपासाच्या ताटात शेंगदाणाच असतो! खिचडीत कूट, लाडू दाण्याचा, प्रसादातही तोच. आपण त्याला पवित्र म्हणतो. त्या मुलाच्या घशाला सूज येते.

इथे कुणी म्हणेल, “सर, म्हणजे धर्म बाजूला ठेवायचा का?” नाही. धर्मच नीट वाचायचा. पूर्वमीमांसेत ‘अधिकार’ नावाची कल्पना आहे. कर्माचा अधिकारी कोण? ज्याला त्याची इच्छा आहे, ज्ञान आहे आणि सामर्थ्य आहे तो. सामर्थ्य नसेल तर अधिकारच उत्पन्न होत नाही. तेव्हा आजारी मुलाला आपण दया म्हणून सूट देत नाही. ते कर्तव्य त्याच्यावर मुळातच नव्हतं. कुराणातही आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजे पुढे कधी पुरे करायची मुभा आहे, आणि वयात न आलेल्या मुलावर रोजा फर्जच नाही.

दुसरी गोष्ट. व्रताला मोल कधी? मोडता येत असूनही पाळलं तर. सगळे उपाशी असताना दहा वर्षांचं पोर “मला पाणी हवं” म्हणू शकत नाही, लाजतं. तिथे व्रत राहत नाही, नुसता धाक राहतो.

मग दोष कुणाचा? आईबाप दूर आहेत, मूल लहान आहे. ज्यानं “मूल आमच्याकडे ठेवा” म्हटलं, त्यानं त्याचं शरीरही सांभाळायला घेतलं. पण कर्तव्य ‘सर्वांचं’ असलं की कुणाचंच नसतं. म्हणून एका माणसाचं नाव ठरवा. तो रजेवर गेला तर दुसऱ्याचं.

प्रवेशाच्या वेळी एक कागद भरून घ्या: आजार कोणता, औषध कोणतं, किती, केव्हा, काय खायचं नाही, फोन कुणाला. औषध मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ठेवा. दिलेली गोळी वहीत लगेच लिहा. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत राहायला हवा, पण गोठता कामा नये. आपल्या रावेरच्या मे महिन्यात वीज गेली तर ओल्या वाळूतला माठ तात्पुरता उपयोगी पडतो. मधुमेही मुलाला घाम सुटला, हात कापायला लागले, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात द्या, प्रश्न नंतर विचारा. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका. खाल्ल्यावर चेहरा सुजला, श्वास अडला, तर अंगारा लावत बसू नका, १०८ ला फोन करा. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. आणि हिवाळ्यात त्याला गरम पाणी.

आणखी एक. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत जातात, पण ती सरकारी आणि अनुदानित शाळांत. विनाअनुदानित पाठशाळा किंवा मदरसा सुटून जातो. म्हणून संस्थेनंच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन मुलांची तपासणी मागावी. २०२३ पासून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीमही चालू आहे.

(श्रोता: सर, एकाला गरम पाणी दिलं की बाकीची मुलं म्हणतात, हा लाडका.)

म्हणणारच. आम्हीही म्हणालो असतो. तेव्हा त्यांना सांगा की सर्वांना सारखं देणं म्हणजे न्याय नव्हे, ज्याला जे हवं ते देणं म्हणजे न्याय. मात्र त्याच्या आजाराचं नाव चारचौघांत घेऊ नका. आमच्या गुरुजींनी एवढं जरी सांगितलं असतं, तरी आम्ही हसलो नसतो असं मला वाटतं. थांबतो इथे.